पेवातलं आभाळ

१

हरिपुरात हळदीचं पेव उघडायचं म्हणजे घाईचं काम नव्हे. तोंडावरचा मातीचा गिलावा खरवडायचा, फरशी सरकवायची, आणि मग अख्खा दिवस तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. जमिनीच्या पोटातल्या त्या भल्यामोठ्या रांजणात महिनोन्‌महिने हळद कोंडलेली असते. तिच्याबरोबर हवाही कोंडलेली असते, आणि ती माणसाला उभ्याउभ्या झोपवते. दुसऱ्या दिवशी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. तळाला टेकूनही तो जळत राहिला तर गडी उतरणार. विझला तर गुपचूप माघारी फिरायचं आणि उद्या पुन्हा कंदील.

नानासो चौगुल्यांच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. सांगलीच्या बाजारात त्यांचं हळदीचं दुकान होतं आणि हरिपुरात चार पेवं. सत्तेचाळीस सालच्या माघात त्यातलं थोरलं पेव रिकामं झालं. नवी हळद यायला अजून महिनाभर अवकाश होता. कंदील खाली गेला, जळत राहिला, आणि त्यांचा जुना गडी गुंडा दोराच्या शिडीनं उतरून तळ झाडून वर आला. दरवर्षीचंच सगळं. फरक एवढाच, की यंदा त्याच्या पाठोपाठ मालकांचा एकुलता मुलगा धरणेंद्र खाली उतरला आणि तास झाला तरी वर येईना.

"आवं, करताय काय खाली?" गुंडानं वाकून हाळी दिली.

"बसलोय! गुंडा, वरचं तोंड झाक जरा. फळी टाक."

गुंडानं कपाळाला आठ्या घालत फळी टाकली. भर दुपारी बारा वाजता तीन पुरुष खोल अमावस्या झाली. आणि त्या अंधारातून धरणेंद्र एवढ्या मोठ्यानं ओरडला, की वर गुंडा दोन पावलं मागे सरला.

"सापडला रं! घुमट सापडला!"

२

धरणेंद्र लढाईची चार वर्षं खडकीच्या लष्करी वर्कशॉपात दुर्बिणींच्या काचा बसवत होता. लढाई संपली तसा तो घरी आला. येताना त्यानं काय आणावं? मोटारीच्या पुढच्या दिव्याचा एक बल्ब, एक जुनी बॅटरी, आणि कुठल्याशा सचित्र मासिकातून फाडलेलं एक पान. युरोपात एका शहरात मोठा घुमट बांधलाय, त्यात भर दिवसा यंत्रानं रात्रीचं आभाळ दाखवतात, असं त्या पानावर चित्रासकट छापलं होतं. घड्या घालून घालून ते पान चार ठिकाणी विरलं होतं.

हे वेड कशापायी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याची धाकटी बहीण पद्मावती एकोणीस वर्षांची होती आणि तिनं जन्मात एकही तारा पाहिलेला नव्हता. ती जन्मापासून रातांधळी. दिवस मावळला की तिच्या चारी बाजूंनी भिंती उभ्या राहायच्या. गंमत म्हणजे शेजारीपाजारी कुणाला याचा पत्ता नव्हता. जैनांचं घर, जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची, चूल विझायची, आणि मग पोर आपल्या खोलीत जाऊन बसली तर त्यात नवल कसलं?

एकदा, ती सात वर्षांची असताना, ऐन दिवेलागणीला धरणेंद्रनं तिला चिडवायला हाक मारली होती. "पद्मे, इकडं ये, गंमत दाखवतो." ती आवाजाच्या रोखानं चाचपडत आली आणि तिचा डावा हात तापलेल्या बंबावर पडला. तळव्याची कातडी अजून चुरगळलेली होती. तिनं आईला त्याचं नाव सांगितलं नाही. आई जाऊनही आता सहा वर्षं झाली होती, पण तो हात दिसला की धरणेंद्रला अजून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आता फाल्गुनात कऱ्हाडचं एक स्थळ तिला बघायला येणार होतं. रातांधळेपणाचं त्यांना सांगायचं की दडवायचं, यावर आण्णांचं, म्हणजे वडलांचं, अजून काही ठरत नव्हतं.

"तारे म्हंजे दिव्यासारखे काय रं दादा?" तिनं एकदा विचारलं होतं.

"बारीक."

"किती बारीक?"

 तो म्हणाला, "थांब, दाखवतोच तुला."

३

पुढचे पंधरा दिवस धरणेंद्रला भूक नव्हती की तहान. पत्र्याच्या पाकळ्या कापून, वाकवून, कथलानं झाळून त्यानं टोपलीएवढा घुमट केला. पुस्तकातल्या आभाळाच्या नकाशाच्या पट्ट्या कापून त्यावर बाहेरून चिकटवल्या आणि एकेका ताऱ्यावर खिळा ठेवून भोक पाडलं. मोठ्या ताऱ्याला मोठं, लहानाला सुईएवढं. दिवसभर ठकठक चालायची. पेवाच्या भिंतींना चुना लावायला तो निघाला तेव्हा आण्णांनी त्याला दारातच गाठलं.

"हळदीच्या भिंतीला चुना? अरं, सगळं पेव कुंकवागत लाल हुईल! चार वर्षं लष्करात राहून घरचा धंदा इसरलास व्हय?"

धरणेंद्रनं जीभ चावली आणि शाडू कालवला. फिक्या मातीचा तो हात भिंतीवर झकास बसला.

माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, त्यानं पद्मावतीच्या कमरेला दोर बांधून तिला शिडीवरून खाली उतरवलं. तळाला पाचट अंथरलं होतं. वर गुंडानं फळी टाकली तशी तिनं सवयीनं डोळेच मिटून घेतले.

"उघडू नको हं अजून," असं म्हणून त्यानं तार जोडली. "हां. आता बघ."

भिंत नव्हतीच. पेव नव्हतं. डोक्यावर, बाजूंना, खांद्यापर्यंत खाली उतरलेले तारेच तारे होते, आणि वर निमुळत्या होत गेलेल्या तोंडाशी ते दाटीनं गोळा झाले होते. धरणेंद्रनं स्वतः पाडलेली भोकं ती, पण त्याच्याही अंगावर काटा आला. मोटारीच्या दिव्याचा उजेड तो, खऱ्या ताऱ्याच्या दसपट भक्कम. पद्मावतीला दिसणार होता. दिसत होता!

 पद्मावती त्याचा दंड गच्च धरून म्हणाली, "दादा, हे असं रोज असतं? रोज? आन् तुमी लोक झोपता?"

तो हसला आणि हसता हसता रडलाही. मग तिला ओळख करून देऊ लागला. हे म्हातारीचं खाटलं, चार तारे म्हणजे चार पाय. हे तीन तारे म्हणजे ते पळवायला आलेले चोर.

"आन् हे कोण चाललंय?" तिनं विचारलं.

"कुठं?"

तिनं बोट दाखवलं. खाटल्याच्या खालचा एक तारा विझला आणि पुन्हा लागला. मग त्याच्या शेजारचा विझला, लागला. मग पुढचा. कंदिलापुढून कुणी चालत गेलं की जसं होतं तसं, सावकाश, एका सरळ रेषेत.

पाखरू शिरलं असेल, धरणेंद्रला वाटलं. पण पाखरू दिव्यापाशी असतं तर भिंतीवरचं अर्धं आभाळ एकदम झाकलं असतं. आणि भिंतीपुढं काही असतं तर त्यावर ठिपका पडला असता. असं एकेक टिपून विझवायचं, तर ते ताऱ्यांच्या मागेच असायला हवं. मागे तर हरिपूरची माती होती. तो मनाशीच हसला आणि बॅटरी उतरली असेल म्हणून तार सारखी केली.

४

बातमी काय लपून राहते? दुसऱ्या दिवशी हळद शिजवणाऱ्या बायका, गाडीवान, सगळे दाटीवाटीनं हजर. एकेकाला खाली सोडायचं, दाखवायचं, वर घ्यायचं. वर आलेला माणूस हातवारे करून थांबलेल्यांना सांगायचा आणि सगळ्यांचाच हुरूप वाढायचा. आण्णासुद्धा धोतर खोचून उतरले आणि वर येऊन, "भले!" एवढंच म्हणाले, पण दिवसभर मिशीत हसत होते.

सगळ्यात शेवटी दगडाबाई उतरली. हळदीच्या काहिलीखाली रात्ररात्र जाळ घालण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण आभाळाकडे एकदा बघून पहाटेला किती वेळ आहे ते ती बिनचूक सांगायची.

"लय ग्वाड!" दिवा लागताच ती म्हणाली. "ग्वाड, ग्वाड! त्ये बगा खाटलं." मग एकदम थांबली. "धाकलं मालक, ह्ये चोर ह्या अंगाला कसं?"

"म्हणजे?"

"वरलीकडं त्वांड केलं, की चोर उजव्या हाताला असत्यात. जल्मभर बघतुया मी. हितं डाव्या हाताला हायती. समदंच उलटं हाय."

धरणेंद्रनं कपाळावर हात मारून घेतला. खरंच की! नकाशा असतो खालून वर बघणाऱ्या माणसासाठी. तो आतल्या बाजूनं चिकटवायचा, तर त्यानं चिकटवला होता बाहेरून. आत दिवा लावला की उजव्याचं डावं होणारच. दुर्बिणी बसवणारा माणूस, आणि ही चूक! तो स्वतःवरच खो खो हसत सुटला.

"मग कुटनं बगितलं म्हंजी आसं दिसंल?" दगडाबाईनं विचारलं. ती हसत नव्हती.

"असं? असं कुठूनच दिसणार नाही. ताऱ्यांच्या पार पलीकडं जाऊन, तिथनं आपल्याकडं तोंड करून बघितलं, तरच."

"तितं कोन असतंय?"

"कुणी नसतं."

म्हातारीनं एकदा त्या उलट्या चोरांकडे पाहिलं आणि शिडी धरली. वर पोचल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "मोडून टाका त्ये. आन् पोरीला पुन्यांदा दावू नका. आपुन तिकडं बगतुया तसं तिकडनंबी बगत आसंल कुनीतरी."

"उद्याच भोकं झाळून टाकतो, नवी पाडतो," तो म्हणाला. चूक सुधारायची म्हणूनच, दुसरं काही नाही.

पद्मावतीला हे कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "खरं आभाळ मला कुठं ठाऊक हाय, दादा? माझं हेच. मोडायच्या आधी एकदा एकटीला बघू दे."

इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. तो नाही कसा म्हणणार?

५

तिला खाली सोडून, दिवा लावून देऊन, तो वर आला आणि फळीशेजारी बसून राहिला. ऊन छान होतं. नदीकडून धुणं आपटल्याचा आवाज येत होता. फळीखालून पद्मावतीचं हसू ऐकू आलं आणि त्यालाही हसू फुटलं.

मग ती बोलू लागली. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची तऱ्हा कळत होती. एक वाक्य बोलायची, थांबायची, मग "हो, हो!" म्हणायची, पुन्हा हसायची. कुणीतरी काहीतरी विचारतंय आणि ही उत्तर देतेय, अशी.

तो फळीला तोंड लावून ओरडला, "पद्मे! कुणाशी बोलतीस?"

"तुझ्याशीच की!" खालून लगेच आवाज आला. "तूच म्हणालास न्हवं, हात दे म्हणून?"

धरणेंद्र काहीच म्हणाला नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी फळी सरकवली, आणि सरकवता सरकवता खाली सगळं चिडीचूप झाल्याचं त्याला जाणवलं. तो पाय खाली सोडणार तोच शिडीला ताण बसला. ती चढून येत होती. भरभर, न चाचपडता.

उन्हात आल्यावर तिनं डोळे बारीक केले आणि इकडेतिकडे पाहत राहिली. झाडाकडे, गाड्यांकडे, स्वतःच्या हातांकडे. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद त्यानं कधी पाहिला नव्हता. त्याच्या छातीवरचं दडपण उतरलं. पेवात आवाज घुमतो; आपलंच पुटपुटणं खाली गेलं असेल. त्याच संध्याकाळी त्यानं कथील वितळवून घुमटाची एकूणएक भोकं झाळून बंद केली.

६

आणि त्याच संध्याकाळी घरात आक्रीत घडलं. दिवेलागण होऊन गेली होती. आण्णा ओसरीवर जप करत होते. पद्मावती आतून आली, अंधाऱ्या अंगणात उतरली, वाटेतली बादली चुकवून आडापर्यंत गेली आणि पाण्याचा तांब्या भरून घेऊन आली.

"पद्मा!" आण्णांच्या हातातली माळ गळाली. "पोरी, तुला दिसलं?"

"दिसतंय की, आण्णा. सगळं दिसतंय."

त्यांनी तिला जवळ घेतलं आणि म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा झाली, कारण न सांगता गल्लीत साखर वाटली. कऱ्हाडला पत्र गेलं. आता दडवायचं काहीच उरलं नव्हतं. धरणेंद्रला तर वाटलं, आपण हवेत चालतोय. काय करायला गेलो आणि काय झालं! तिला अंगणात उभं करून त्यानं खरं आभाळ दाखवलं. ती नुसती एकदा बघून म्हणाली, "उलटं हाय," आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला ताक वाढत होती. डाव्या हातानं. तो बोलणार तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या नाकाकडे गेलं. चमकी उजव्या नाकपुडीत होती.

"चमकी कधी बदललीस?"

"बदलायची कशाला? हितंच होती की कायम."

त्याला आपल्या आठवणीचीच शंका आली. रोज समोर असलेलं कोण निरखून पाहतो? त्यानं पेटीतून तिचा सांगलीत काढलेला फोटो काढला. फोटोत चमकी डाव्या नाकपुडीत. पण फोटोची काच उलटी ठेवून छापली की चेहरा उलटा येतो, हे त्यानं वर्कशॉपात स्वतः पाहिलं होतं. तसंच झालं असेल. आण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, "बायकांच्या नाकातलं मला काय कळतंय? पोरीला दिसाया लागलं, देवाचं नाव घे."

देवाचं नाव घेत तो तिच्यासमोर जाऊन बसला. "पद्मे, हात बघू."

तिनं शहाण्यासारखे दोन्ही हात पुढे केले. डावा तळवा मऊ, नितळ होता. चुरगळलेली कातडी उजव्या तळव्यावर होती.

"अजून दुखतं तुला, न्हवं?" ती हळूच म्हणाली. "दुखू नको देऊस. मी सांगितलं न्हवतं कुणाला."

एवढ्या मायेनं म्हणाली ती, की त्याला किंचाळावंसं वाटलं.

७

नवी हळद आली. पोत्यांनी लादलेल्या गाड्या पेवाभोवती उभ्या राहिल्या. घुमट तर केव्हाच वर काढला होता. ती भरायच्या आधी खाली राहिलेली बॅटरी आणि दिवा आणायला धरणेंद्र पेवाशी गेला. गडी लांब सावलीत बसले होते. त्यानं पहिल्या दोरावर पाय ठेवला.

"दादा, दिवा लाव की रं. मला काय दिसंना."

आवाज खालून आला होता. थकलेला, पण चिडलेला नव्हे. फार वेळ वाट पाहिलेल्या माणसाचा. तो कंदील घेऊन अक्षरशः घसरत खाली गेला. शाडूची भिंत, पाचट, बॅटरी. दुसरं काही नव्हतं. त्यानं भिंतीला हात लावून सगळं पेव दोनदा फिरून पाहिलं. घुमलेला आवाज म्हणावं, तर घुमायला आधी कुणीतरी बोलावं लागतं. आणि वर कुणीच बोललं नव्हतं.

त्यानं कंदील फुंकला. काळोखात, अगदी कानाजवळ, कुणीतरी नाक ओढलं.

"पद्मे?"

"किती उशीर, दादा. तू हात धरलास आन् सोडूनच दिलास."

त्यानं अंधारात हात पसरले. हाताला भिंतच लागली.

बॅटरी आणि दिवा घेऊन तो वर आला आणि आण्णांपाशी गेला. "आण्णा, आठ दिवस पेव भरू नका."

"का?"

का ते काय सांगणार? तुमची लेक खाली आहे, आणि घरी चुलीपुढं बसली आहे ती तुमची लेक नाही? "तारे नीट करून पुन्हा दाखवायचेत," तो कसाबसा म्हणाला.

"झाला तेवढा खेळ बास. हळदीचा रंग उन्हात उडून चालला. जेवणं झाली की भरायला घ्यायची."

म्हणजे त्याच्या हाती जेमतेम तास होता. अख्खं आभाळ तासात होत नाही. पण सात तारे?

८

त्यानं तुपाचा रिकामा डबा घेतला. खाटल्याचे चार पाय आणि तीन चोर कागदावर काढले, कागद मुद्दाम बाहेरून धरला आणि सात भोकं पाडली. ही चूक आता हुबेहूब तशीच व्हायला हवी होती. मनात एक वेडी उमेद उसळत होती, की जमेल, जमेल, जमतंय. बल्बावर डबा घालून त्यानं तो बॅटरीसकट दोरानं तळाला सोडला आणि तोंडावर फळी निम्मी ओढली.

खाली सात ठिपके लागले. डाव्या हाताला चोर.

"दिसलं!" पेवातून टाळ्या वाजल्या. "दादा, खाटलं दिसलं!"

तो वाकून बघत होता. ठिपक्यांच्या मधल्या काळोखात काहीतरी हललं. केसांचा भांग, आणि वर वळणारा एक चेहरा, क्षणभर. चमकी डाव्या नाकपुडीत.

"शिडी तिला पुरायची न्हाई," मागून आवाज आला. "कुणीतरी हितनं खाली गेल्याबिगर."

पद्मावती, घरातली, त्याच्यामागे उभी होती. ती कधी आली ते त्याला कळलं नव्हतं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिनं पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला.

"जाते मी. मला उजेडाची लय हौस होती, दादा. चार दिवस मिळाला. तेवढं एक कर. दिवा काढू नको."

"तुला तर अंधारात दिसतं," तो म्हणाला. 

"दिसतं म्हणूनच. तिकडल्या अंधारात काय असतं ते मला दिसतं."

ती उतरली. एक एक दोर करत तिचं डोकं काळोखात बुडालं. सात तारे एकामागून एक विझले आणि लागले. मग शिडीला पुन्हा ताण बसला. आता कुणीतरी हळूहळू, प्रत्येक दोर पायानं चाचपत वर येत होतं. तिनं काठाशी आल्यावर हात पुढे केला, आणि तळव्याची चुरगळलेली कातडी त्याच्या बोटांना लागली. डावा हात. त्यानं तिला बाहेर ओढून छातीशी धरलं. गडी लांबून बघत होते, पण त्याला कसलीच शुद्ध नव्हती.

"किती वेळ बसवलंस रं," ती म्हणाली, उन्हानं डोळे मिचकावत. "मला भूक लागलीय."

आण्णा आले. गडी उठले. गुंडानं पेवात डोकावून विचारलं, "दिवा जळतुया खाली. काढू?"

"राहू दे," धरणेंद्र म्हणाला.

"येडा हाईस काय? बॅटरी गाडली जाईल!"

"राहू द्या, आण्णा. मला नको ती."

आण्णांनी मान हलवली आणि हाताची खूण केली. गड्यांनी पहिलं पोतं काठावर आणून तिरकं केलं. शिवणीच्या फटीतून ओंजळभर हळकुंडं घरंगळली आणि खूप खाली डब्याच्या पत्र्यावर वाजली. मग गडी पोत्याची शिवण सोडायला थांबले, तेवढा वेळ सगळं शांत होतं.

पद्मावतीनं मान कलती केली. काळोखात ऐकण्यावरच जगलेली मुलगी ती. तिचे कान तिखट होते.

"दादा," ती म्हणाली, "खाली माझ्यासारखं कोण बोलतंय?"

धरणेंद्रनं गड्याला बाजूला सारलं, शिवण हातानं तोडली आणि पोतं स्वतः पेवात पालथं केलं. लगेच दुसरं उचललं. हळद पडताना मोठा आवाज होतो, त्यात दुसरं काही ऐकू येत नाही. संध्याकाळपर्यंत तो एकदाही थांबला नाही.